पडक्या भिंतींची साक्ष : न्यू मेक्सिकोतील मिशन चर्च आणि एक स्थलांतरित सैनिक-छायाचित्रकार

प्रस्तावना

अमेरिकेच्या नैऋत्य भागात, आज न्यू मेक्सिको राज्यात मोडणाऱ्या उंच आणि कोरड्या पठारावर, सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी जी चर्च उभारली त्यांतील काही आजही नांदती आहेत, काही पडल्यावर पुन्हा बांधली गेली आणि काही छप्पर हरवून उघड्यावर उभी आहेत. या पडक्या चर्चची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतली जाऊ लागली. ती घेणाऱ्यांमध्ये जॉन के. हिलर्स या छायाचित्रकाराला वेगळे स्थान आहे, कारण तो जर्मनीत जन्मलेला, बालवयात अमेरिकेत आलेला आणि जवळजवळ दशकभर सैन्यात चाकरी करून बाहेर पडलेला माणूस होता. त्या भूमीशी, तिथल्या धर्माशी किंवा तिथल्या मूळ रहिवाशांशी त्याचा वारशाने कोणताही संबंध नव्हता. अशा माणसाने घेतलेल्या चित्रांतून त्या वास्तूंविषयी काय कळते, काय कळत नाही आणि जे कळत नाही ते कुठे शोधावे लागते, हा या विवेचनाचा विषय आहे. त्यामागची भूमिका अशी की, ज्याला सर्रास काळाचा घाला म्हटले जाते त्यात माणसाच्या हाताचा वाटा बराच मोठा असतो. छायाचित्रात तो हात दिसत नाही, त्याने केलेले काम मात्र दिसते.

‘मिशन’ या शब्दाने इथे केवळ चर्चचा बोध होत नाही. चर्चला लागून असलेला मठ, त्याचे चौक, कोठारे, कार्यशाळा, गुरांचे वाडे आणि सभोवतीची शेती अशा सबंध वसाहतीला मिशन म्हणत. १५९८ मध्ये हुआन दे ओन्यातेच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश वसाहतवाले या प्रदेशात आले. त्यांना इथे अनेक मजली घरांच्या गावांत राहणारे, मका पिकवणारे लोक भेटले आणि स्पॅनिश भाषेत गावाला असलेल्या नावावरून ते प्वेब्लो म्हणून ओळखले जाऊ लागले. चर्चची आखणी धर्मोपदेशकांची असली तरी बांधणारे हात याच लोकांचे होते. प्वेब्लो समाजात भिंती रचणे हे स्त्रियांचे काम मानले जाई आणि मिशनच्या प्रचंड भिंतीही मुख्यतः त्यांनीच रचल्याचे तत्कालीन फ्रान्सिस्कन लेखनात नमूद आहे. या वास्तूंचे वर्णन ‘स्पॅनिश वास्तुकला’ एवढ्यावरच थांबवणे त्यामुळे अपुरे ठरते.

पठाराच्या मध्यभागी, मिठाच्या तलावांच्या परिसरात, अबो, क्वाराय आणि ग्रान किविरा ही तीन मिशन आहेत. अबो आणि क्वाराय येथील भिंती तांबड्या वालुकाश्माच्या पातळ चिपा मातीच्या गाऱ्यात बसवून रचलेल्या आहेत, तर ग्रान किविरा येथे करडा चुनखडक वापरलेला आहे. क्वाराय येथील चर्चच्या भिंती आजही सुमारे चाळीस फूट उंचीपर्यंत उभ्या आहेत, आणि त्यांतील रिकामी खोबणी पाहून गायकवृंदाचा सज्जा कोणत्या उंचीवर होता आणि छपराच्या तुळया कुठे टेकल्या होत्या हे सांगता येते. ही तिन्ही गावे १६७० च्या दशकात ओस पडली. लागोपाठची अवर्षणे, १६६८ च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, अपाची टोळ्यांचे हल्ले, बाहेरून आलेले साथीचे रोग आणि चर्च व वसाहतवाले या दोघांकडून होणारी धान्याची व वेठीची मागणी, या सर्वांचा भार गावांना पेलवला नाही. पुढे ऑगस्ट १६८० मध्ये बहुतेक प्वेब्लो गावांनी एकाच वेळी उठाव केला. त्यात एकवीस धर्मोपदेशक मारले गेले, अनेक चर्च जाळली वा पाडली गेली आणि स्पॅनिश सत्तेला बारा वर्षे प्रदेशाबाहेर राहावे लागले. म्हणजे काही चर्च उपासमारीने ओस पडली, तर काही रागाने पाडली गेली. छायाचित्रात दोन्ही सारखीच दिसतात.

पेकोस येथील चर्चचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तिथले मोठे चर्च १६२० च्या दशकात उभे राहिले आणि १६८० च्या उठावात नष्ट झाले. त्यानंतर मठाच्या आवारातच किव्हा, म्हणजे प्वेब्लोंच्या धार्मिक विधींसाठीची जमिनीत खोदलेली गोल खोली, बांधली गेली, आणि तिला विटा वापरल्या गेल्या त्या मिशनच्याच. स्पॅनिश सत्ता परतल्यावर १७१७ च्या सुमारास त्याच जागेवर दुसरे, आकाराने लहान चर्च झाले. रोगराई आणि हल्ले यांनी गाव खंगत गेले आणि १८३८ मध्ये उरलेली मोजकी माणसे पश्चिमेकडील हेमेस या आप्तांच्या गावी राहायला गेली. तरीही चर्चचे छप्पर शाबूत होते. स्विट्झर्लंडमध्ये जन्मलेला संशोधक अ‍ॅडॉल्फ बँडेलिअर १८८० मध्ये पेकोसला गेला, तेव्हा जवळच राहणाऱ्या कोझ्लोव्स्की कुटुंबातील गृहिणीने त्याला सांगितले की, १८५८ मध्ये ती तिथे आली तेव्हा छप्पर जागेवर होते. तिच्या नवऱ्याने ते उतरवले आणि लाकूड गोठे-कोठारे बांधायला वापरले. हा मार्टिन कोझ्लोव्स्की पोलंडहून आलेला होता आणि अमेरिकी घोडदळातील पाच वर्षांची चाकरी संपवून तिथे स्थायिक झाला होता. स्थलांतरित निवृत्त सैनिक आणि पडके चर्च यांचा संबंध असा दुहेरी आहे : एकाने तुळया काढून नेल्या, दुसऱ्याने अशाच वास्तूंसमोर कॅमेरा उभा केला, आणि दोघांनीही त्याआधी एकाच सैन्यात चाकरी केली होती.

छप्पर जाण्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी बांधकामाची रीत पाहावी लागते. या भागातील बहुतेक चर्च अ‍ॅडोबीची, म्हणजे माती, वाळू आणि गवताची काडी एकत्र कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची आहेत. कच्च्या विटेची भिंत जाड असल्याने उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब टिकवते, पण पाण्यापुढे ती दुबळी असते. छप्पर आणि दरवर्षी नव्याने दिला जाणारा मातीचा गिलावा या दोन गोष्टींवर तिचे आयुष्य अवलंबून असते. छप्पर गेले की पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत उतरते. गिलावा थांबला की जमिनीतील ओल पायथ्याशी चढते, तिथले क्षार फुलतात आणि भिंत तळाशी आत खात जाते. सरतेशेवटी वरचा भार न पेलून ती आडवी होते. जुन्या छायाचित्रात भिंतीच्या पायथ्याशी सावलीची जी आडवी खाच दिसते ती शोभेची रेघ नव्हे. पडझड कोणत्या टप्प्यावर आली आहे ते त्या खाचेवरून ओळखता येते. कच्च्या विटेवर सिमेंटचा गिलावा देणे हा आधुनिक उपायही घातकच ठरतो, कारण ओल आत कोंडली जाते. ताओसजवळच्या सान फ्रान्सिस्को दे असिस या नांदत्या चर्चला १९६७ मध्ये दिलेला सिमेंटचा गिलावा याच कारणाने पुढे काढून टाकावा लागला, आणि आता तिथले गावकरी दरवर्षी एकत्र येऊन पूर्वीप्रमाणे मातीने भिंती लिंपतात.

या वास्तूंची अमेरिकी दप्तरातील नोंद सैनिकांपासून सुरू होते, आणि ते स्वाभाविकही आहे. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पुकारून अमेरिकेने हा प्रदेश व्यापला आणि १८४८ च्या तहाने तो आपल्या नकाशात घेतला. लेफ्टनंट जेम्स अ‍ॅबर्ट या स्थलवर्णन खात्यातील अधिकाऱ्याने १८४६ मध्येच अबो व क्वाराय येथील अवशेषांची चित्रे काढली. मेजर जेम्स कार्लटन डिसेंबर १८५३ मध्ये घोडदळाच्या तुकडीसह सालिनास, म्हणजे मिठाच्या तलावांच्या, भागातून गेला आणि त्याने तिन्ही मिशनची मापे व वर्णने लिहून ठेवली, जी स्मिथसोनियन संस्थेने प्रसिद्ध केली. पुढे १८६० च्या दशकात नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून सक्तीने हुसकावणाऱ्या मोहिमेचा सूत्रधार हाच कार्लटन होता, ही गोष्ट त्याची टिपणे वाचताना नजरेआड करता येत नाही. भिंतीची लांबी-रुंदी पावलांनी मोजणारी काटेकोर नजर आणि प्रदेश ताब्यात घेणारी नजर इथे एकाच माणसाच्या ठायी आढळते.

हिलर्सचा जन्म १८४३ मध्ये हानोव्हर प्रांतात झाला आणि १८५२ मध्ये तो अमेरिकेत आला. गृहयुद्ध सुरू होताच तो उत्तरेच्या बाजूने भरती झाला, युद्ध संपल्यावरही सैन्यातच राहिला आणि १८७० मध्ये बाहेर पडला. त्या काळच्या अमेरिकी नियमित सैन्यात आयरिश व जर्मन स्थलांतरितांचा मोठा भरणा होता. नव्या देशात पोट भरण्याचा आणि पाय रोवण्याचा तो एक ठरलेला मार्ग होता. सैन्य सोडल्यावर हिलर्स सॉल्ट लेक सिटीत गाडीवानाचे काम करीत होता. तिथे १८७१ मध्ये त्याची गाठ जॉन वेस्ली पॉवेल याच्याशी पडली. गृहयुद्धात उजवा हात गमावलेला हा मेजर कोलोरॅडो नदीच्या दुसऱ्या सफरीसाठी माणसे जमवत होता. हिलर्सला घेतले ते नावाडी म्हणून. मोहिमेतील छायाचित्रकारांना ओझी वाहण्यात आणि काचा तयार करण्यात मदत करता करता तो हे काम शिकला आणि वर्षभरातच मोहिमेचा छायाचित्रकार झाला. १८७९ मध्ये पॉवेलच्या संचालकत्वाखाली ब्युरो ऑफ एथ्नॉलॉजी हे मूळ रहिवाशांच्या भाषा व संस्कृतींचा अभ्यास करणारे सरकारी कार्यालय स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्याच मोठ्या मोहिमेत हिलर्सची नेमणूक झाली. त्याला कलाशाळेचे शिक्षण नव्हते. अवघड जागी ओझे पोचवणे, हुकूम झालेले काम पुरे करणे आणि वाईट हवेत साधने सांभाळणे हे त्याचे भांडवल होते, आणि ते सैन्यात व नदीवर कमावलेले होते.

ती मोहीम सप्टेंबर १८७९ मध्ये झुनी या प्वेब्लो गावात पोचली. जेम्स स्टीव्हनसन तिचा प्रमुख होता. त्याची पत्नी मटिल्डा आणि तरुण अभ्यासक फ्रँक कुशिंग हेही सोबत होते. गावाच्या मधोमध ग्वादालुपेच्या मातेचे जुने चर्च होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच तिथले धर्मोपदेशकांचे वास्तव्य संपले होते आणि वास्तू ढासळत चालली होती. टिमोथी ओ’सलिव्हन या सर्वेक्षण-छायाचित्रकाराने १८७३ मध्ये तिचे चित्र घेतले होते; हिलर्सने ती पुन्हा टिपली. मात्र याच मोहिमेच्या काळात चर्चच्या वेदीवरील देवदूतांच्या लाकडी मूर्ती काढून वॉशिंग्टनच्या संग्रहात नेण्यात आल्या. चर्च मोडकळीला आले आहे, तेव्हा त्यातील वस्तू वाचवायला हव्यात, असा युक्तिवाद अशा वेळी केला जात असे. परिणामी वास्तूची नोंद करणाऱ्या मोहिमेनेच ती आणखी रिकामी केली. हिलर्सचे चित्र पाहताना हे ठाऊक असलेला वाचक वेदीच्या ओकेपणाचे खापर केवळ काळावर फोडणार नाही.

या चित्रांची एक बाजू रसायनांची आहे, आणि तीही समजून घ्यायला हवी. हिलर्स ज्या पद्धतीत तयार झाला ती ओल्या कलोडियनची पद्धत होती. कलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोल यांत विरघळवलेल्या नायट्रोसेल्युलोजचा चिकट द्राव. तो काचेवर सारखा पसरवायचा, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावात बुडवून प्रकाशसंवेदी करायची, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि काही मिनिटांतच अंधाऱ्या तंबूत ते उमटवायचे. काच वाळली की काम फुकट गेले. त्यामुळे पाणी, रसायने, तंबू आणि काचांच्या पेट्या सगळीकडे खेचराच्या पाठीवर न्याव्या लागत. हा थर निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देतो आणि तांबड्याला जवळजवळ देतच नाही. म्हणून निळे आकाश छापील चित्रात कोरे पांढरे येते, ढग नाहीसे होतात आणि तांबूस मातीची भिंत असते त्याहून काळी दिसते. ओसाड आकाशाखाली काळवंडलेली एकाकी भिंत पाहून जी उदासी वाटते तिचा बराचसा भाग रसायनाने निर्माण केलेला असतो. प्रत्यक्षात त्या भिंतीवर लख्ख ऊन असते आणि भोवती गाव आपल्या कामात गढलेले असते. हे एकदा ध्यानात आले की पडक्या वास्तूंच्या चित्रांतून युरोपीय रसिकांना आवडलेली हुरहुर बाजूला सारून चित्रातील तपशील वाचता येतो.

परक्या माणसाला जे दिसते ते घरच्याला दिसत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण हिलर्सच्या बाबतीत हे विधान जपून करावे लागते. आपल्या स्थलांतरामुळे त्याला मूळ रहिवाशांविषयी विशेष जवळीक वाटली असे मानायला सबळ आधार नाही. त्याच्या चित्रांतून खात्रीने दिसते ते इतकेच की, तो वास्तूला पुरेशी दूर राहून, सपाट आणि सबंध दाखवतो, आणि दर्शनी भिंतीसमोर एखादी व्यक्ती उभी असली तर तिच्यामुळे उंचीचा अंदाज येतो. सरकारी कामासाठी घेतलेल्या चित्राचा हा गुण त्याच्या मर्यादेशी जोडलेला आहे. भिंत मोजता येते, पण मोजपट्टीसारख्या उभ्या राहिलेल्या माणसाचे नाव मात्र बहुधा नोंदलेले नसते.

छायाचित्राला जमिनीखालचे दिसत नाही, ही आणखी एक मर्यादा पेकोसने दाखवून दिली. सतराव्या शतकातील फ्रान्सिस्कनांनी पेकोसच्या चर्चचे केलेले भव्य वर्णन पुढच्या अभ्यासकांना अतिशयोक्त वाटे, कारण १८८० पासूनच्या चित्रांत दिसणारी वास्तू त्या वर्णनापुढे लहान होती. १९६७ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पुरातत्त्वज्ञ जीन पिंकली यांना उत्खननात त्या भिंतींच्या खाली आणि बाहेरच्या बाजूला कितीतरी मोठ्या चर्चचा पाया सापडला. जुने लेखक खरे बोलत होते. चित्रांत होते ते दुसरे चर्च. छायाचित्र खोटे नव्हते, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता, आणि लिखित साधन, चित्र आणि उत्खनन यांपैकी एकावरच विसंबणाऱ्या संशोधनाला यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

मराठी वाचकाला हा इतिहास वाटतो तितका दूरचा नाही. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे अबो आणि क्वाराय येथे फ्रान्सिस्कन भिंती चढत होत्या तेव्हा वसईच्या कोटातील फ्रान्सिस्कनही त्याच राजाच्या छत्राखाली होते. वसईचा गोन्सालो गार्सिया आणि मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुस हे दोन फ्रान्सिस्कन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे एकाच दिवशी क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये दोघांना एकत्रच संतपद मिळाले. वसईच्या वास्तूंची कथाही न्यू मेक्सिकोतील कथेशी जुळते. १७३९ च्या मराठी विजयानंतर तिथल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीत आणि इतरत्र गेल्या. ज्यांना या घंटांचा इतिहास ठाऊक आहे त्यांना पेकोसच्या तुळया किंवा झुनीच्या मूर्ती नवलाच्या वाटणार नाहीत. वास्तू पडते तेव्हा तिचे अवयव दुसरीकडे नांदू लागतात. गोमंतकीय विद्वान जे. गेर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील ग्रंथ सतरा छायाचित्रांसह प्रसिद्ध केला, तो हिलर्सच्या झुनी मोहिमेच्या तीनच वर्षे आधी. सैनिकी पेशातून कॅमेऱ्याकडे वळलेल्या परक्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे : अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेला मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल पुढे लेण्यांची व मंदिरांची छायाचित्रे घेऊ लागला आणि मायदेशी न परतता १८७९ मध्ये भुसावळच्या परिसरात मरण पावला.

आज या मिशन-अवशेषांना ‘ओसाड’ म्हणणे तथ्याला धरून होत नाही. ग्रान किविराला १९०९ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, १९८० मध्ये अबो आणि क्वाराय त्याला जोडले गेले, आणि पेकोस १९६५ पासून संरक्षित आहे. तिथे पुनर्बांधणी न करता भिंती आहेत त्या अवस्थेत टिकवण्याचे धोरण आहे, ज्यात माथ्यावर पाणी उतरवणारा थर देणे, झिजलेली जागा मूळ जातीच्या मातीने भरणे आणि पायथ्याचा निचरा राखणे ही कामे सतत करावी लागतात. पेकोसच्या उत्खननातून हार्वर्डला नेलेले सुमारे दोन हजार पूर्वजांचे अवशेष हेमेसच्या लोकांनी १९९९ मध्ये परत आणून त्याच भूमीत पुरले. झुनीचे चर्च तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभे केले गेले, आणि १९७० पासून झुनी चित्रकार अ‍ॅलेक्स सेओतेवा यांनी त्याच्या आतल्या भिंतींवर झुनी धर्मातील काचिना, म्हणजे पूज्य आत्मरूपे, रंगवली. हिलर्सने टिपलेली वास्तू मरणपंथाला लागलेली आहे असे १८७९ मध्ये ज्यांना वाटले, त्यांचा अंदाज गावाने चुकीचा ठरवला.

अशा चित्रांचा खरा उपयोग ती एकमेकांशेजारी ठेवल्यावर होतो. १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षण-छायाचित्रांच्या जागा शोधून, तोच ऋतू, तोच प्रहर आणि कॅमेऱ्याची तीच जागा साधून पुन्हा चित्रे घेतली. हे पुनर्छायाचित्रण आता झीज मोजण्याचे मान्य साधन झाले आहे. वसई, रेवदंडा किंवा जुने गोवे येथील पडक्या चर्चसमोर आज हौसेने कॅमेरा धरणाऱ्या कोणालाही ते साध्य आहे. त्यासाठी चित्रासोबत तारीख, उभे राहण्याची जागा, दिशा आणि मापासाठी ठेवलेली एखादी वस्तू यांची नोंद लागते, आणि हिलर्सच्या काळी राहून गेलेले एक काम करावे लागते : चित्रात उभ्या असलेल्या माणसाचे नाव विचारून ते लिहून ठेवणे.